पाहुणचाराचा पेला

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझे धाकटे बंधू पुण्यात आमचे पिढीजात हार्डवेअरचे दुकान सांभाळतात. त्यांचे चिरंजीव शिक्षण संपवून नुकतेच दुकानात बसू लागले होते. एका कंपनीने विक्रेत्यांचा मेळावा एका मोठ्या हॉटेलात भरवला होता. वडिलांच्या ऐवजी प्रथमच हा मुलगा तिथे गेला. परत आल्यावर व्यवहाराचे सारे बोलणे झाले, आणि मग तो सहज म्हणाला, "काका, नको म्हणायची मला लाज वाटत नाही. पण चार तास हातात काय धरून उभे राहायचे, हे आपल्याला कुणी शिकवत नाही."

त्याच्या या वाक्याने मी अंतर्मुख झालो. बँकेतील पस्तीस वर्षांच्या नोकरीत बढतीचे, बदलीचे, निवृत्तीचे असे कितीतरी समारंभ मी पाहिले. अशा प्रसंगी मद्य न घेणाऱ्यासाठी ठरलेली व्यवस्था म्हणजे कोमट झालेले नारिंगी रंगाचे पेय, तेही कागदी पेल्यात. कुणी अपमान करीत नसे. परंतु आपण पंक्तीच्या शेवटी बसलेले पाहुणे आहोत, ही जाणीव मनाला चाटून जात असे. नकार देणे हा धैर्याचा विषय आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तो नकार सुखाचाही करता येतो, हे शिकवायचे मात्र राहून जाते. आणि त्याची सुरुवात दुसऱ्याच्या हॉटेलात होत नाही, आपल्या स्वयंपाकघरात होते.

योगायोग असा, की पुढच्याच मार्च महिन्यात त्या कंपनीचे विभागीय व्यवस्थापक आणि अन्य तीन विक्रेते सपत्नीक आमच्या घरी येण्याचे ठरले. बंधूंना चिंता पडली. "त्यांची सवय वेगळी, आपले घर वेगळे. हॉटेलात सोय करू या का?" वहिनींनी मात्र ठामपणे सांगितले, "येतील ते आपल्या घरी येतील. आपल्या घरात जे आहे ते उत्तम देऊ."

रविवारी रंगीत तालीम झाली आणि ती पुरती फसली. बाजारातून आणलेल्या तीन रंगांच्या बाटल्या, वर सोडा, वर खलबत्त्यात कुटलेला पुदिना. पेय गोडमिट्ट झाले, पुदिना कडू लागला, आणि कुणीतरी भरल्या पेल्यात वरून मीठ टाकताच सोडा उसळून मेजावरच्या कापडावर पसरला. शेजारच्या मुलाने दोन घोट घेऊन पेला हळूच बाजूला ठेवला. लहान मुलाने गोड पेय अर्धे टाकावे, याहून स्पष्ट शेरा कोणता?

त्या संध्याकाळी मी एक वही उघडली. हिशेब जुळत नसेल तर नोंदी पुन्हा तपासाव्यात, ही माझी जुनी सवय. पुढचे दोन आठवडे आमच्या घरात रोज एक प्रयोग होत होता.

मिश्रणाची जुनी परंपरा

अनेक पदार्थ मिसळून तयार केलेले थंड पेय म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी काचपात्रे येतात. वस्तुस्थिती काहीशी निराळी आहे. इंग्रजीत 'कॉकटेल' या शब्दाची पहिली छापील व्याख्या १८०६ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रात आढळते. त्यात मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क असे चार घटक सांगितले आहेत. त्याहून सुमारे पावणेदोनशे वर्षे जुना 'पंच' हा पेयप्रकार मात्र इंग्रज व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातूनच नेला, आणि ते नाव आपल्या 'पाच' या संख्येवरून पडले असे मानले जाते. 'ज्यूलेप' या पाश्चात्त्य पेयाच्या नावाचे मूळ तर फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, या शब्दात आहे.

आपल्याकडे या पेयांना 'पानक' म्हणत. त्याच शब्दाचे मराठीत 'पन्हे' झाले. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना पेयांसाठी स्वतंत्र प्रकरण योजले आहे. आणि आपल्या परंपरेत तर पेयदानाचे स्थान फार मोठे आहे. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासाचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसाने उसाचा रस देऊन घडविले. अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी आजही त्याच रसाने होतात. अतिथीला आदराने दिलेला एक पेला किती मोलाचा असू शकतो, हे आपल्याला बाहेरून शिकण्याचे कारण नाही.

पाच खाती

प्रयोगांतून माझ्या ध्यानात आले, की उत्तम मिश्र पेयात पाच खाती असतात: आंबट, गोड, खारट, सुगंध आणि पाणी. एकाही खात्यात जमा-नावे चुकले, की ताळेबंद बिघडतो.

आंबट आणि गोड यांचे प्रमाण हा सर्वांचा पाया. आमच्या वहीत शेवटी कायम झालेले प्रमाण असे: २० मिलिलिटर लिंबाचा रस, ३० मिलिलिटर साखरेचा पाक आणि १५० मिलिलिटर पाणी किंवा सोडा. म्हणजे दोनास तीन, तीनास पंधरा. एका मध्यम रसदार लिंबातून साधारण एवढा रस निघतो. मोजण्यासाठी औषधाच्या बाटलीबरोबर येणारे खुणांचे झाकण पुरते.

पाक म्हणजे एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी. साखर विरघळून एक उकळी आली की उतरवावा. तार धरू देऊ नये. थंड पाण्यात कोरडी साखर विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट गोड होतो. पाकामुळे पहिला आणि शेवटचा घोट सारखा लागतो. अशा ३० मिलिलिटर पाकात सुमारे १६ ते १७ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले. साधारण आहारात ती ५० ग्रॅम होते, आणि त्याच्या निम्म्यावर राहणे अधिक हितकर. म्हणून दोन पेल्यांहून अधिक आग्रह करू नये. ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी पाक बहुतेक वगळून सैंधव, जिरे आणि सुगंध वाढवावा. पेय बेचव लागत नाही.

मीठ चिमूटभरच असावे. त्याने पेय खारट व्हायचे नसते. कडवटपणा दबून गोडवा पुढे यावा, एवढेच त्याचे काम. मीठ नेहमी रस आणि पाक यांत आधी विरघळवावे. सोडा सर्वांत शेवटी, पेला तिरका धरून, आणि चमचा एकदाच फिरवावा. आमच्या मेजावरचे कापड या एका ओळीच्या अज्ञानामुळे खराब झाले होते.

पुदिना कुटू नये. पाने तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा थोपटावीत. सुगंध सुटतो आणि कडूपणा येत नाही. लिंबूही फार पिळू नये, सालीचा आणि बियांचा कडवटपणा उतरतो. काढलेला रस तास-दोन तासांत वापरावा. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात आंबट पेय कळकते, म्हणून काच किंवा स्टीलच वापरावे. मिसळण्यासाठी खास पात्राची गरज नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दहा-पंधरा वेळा जोराने हलवला, की रस, पाक आणि मसाला एकजीव होतात. सोडा मात्र डब्यात कधीही घालू नये.

वहीतून उतरलेली चार पेये

*सुंठ-लिंबू.* हॉटेलांतील बहुतेक तरतरीत पेयांचा आधार आले असते, आणि आपल्याकडे आले चालत नाही. वहिनींनी सुंठ सुचविली आणि आमचा सर्वांत मोठा प्रश्न सुटला. वाटीभर साखरेच्या पाकात अर्धा चहाचा चमचा सुंठपूड घालून दोन मिनिटे उकळावे, झाकून गार होऊ द्यावे, मग मलमलच्या फडक्यातून गाळावे. हा पाक ३० मिलिलिटर, लिंबाचा रस २० मिलिलिटर, चिमूटभर सैंधव आणि १५० मिलिलिटर सोडा किंवा गार पाणी. घशाशी हलकी ऊब आणि जिभेवर गारवा, असे दोन्ही एकदम जाणवते. साखरेऐवजी गूळ घेतला, की रामनवमीला कर्नाटकात देतात त्या पानकाच्या जवळ आपण पोहोचतो.

*कोकम-जिरे.* ताज्या कोकमाच्या सालींत साखर भरून काचेच्या बरणीत उन्हात ठेवल्यावर जो रस सुटतो, ते अमृतकोकम. मीठ घालून काढतात ते आगळ. सरबतासाठी अमृतकोकम घ्यावे. ते ३० मिलिलिटर, लिंबाचा रस १० मिलिलिटर, ताज्या भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, सैंधव आणि १५० मिलिलिटर पाणी. जिरे भाजून लगेच कुटावे. महिनाभर डब्यात राहिलेल्या पुडीला तो वास राहत नाही. अमृतकोकमात आधीच साखर असल्याने वेगळा पाक लागत नाही. आगळ वापरणार असाल, तर त्यात मीठ भरपूर असते हे लक्षात ठेवून वरून मीठ घालू नये. नारळाच्या दुधात लसूण न घालता केलेली सोलकढी त्यापासून छान होते.

*केशर-पन्हे.* उकडलेल्या कैरीचा एक वाटी गर, दीड वाटी किसलेला गूळ, वेलचीपूड, मीठ आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या केशराच्या सात-आठ काड्या. कैरीच्या आंबटपणानुसार गूळ कमी-अधिक करावा. हा गर एक भाग आणि थंड पाणी चार भाग. चैत्रातल्या हळदीकुंकवाचे हे पेय आपण नेहमी भांडेभर एकदम कालवतो; पण उंच काचेच्या पेल्यात तळाशी गर आणि वर हलके ओतलेले पाणी असे दिले, की त्याच पन्ह्याला वेगळेच रूप येते. पाहुण्याने स्वतः ढवळून घ्यावे.

*काळी द्राक्षे.* जानेवारी ते एप्रिल नाशिक-सांगलीकडची द्राक्षे मुबलक असतात. दीडशे ग्रॅम बिनबियांची काळी द्राक्षे हाताने कुस्करावीत किंवा मिक्सरमधून क्षणभर फिरवून गाळावीत. त्यात लिंबाचा रस १० मिलिलिटर, पाक असल्यास १० मिलिलिटर, काळे मीठ आणि ताजी मिरपूड. रंग इतका गहिरा येतो, की कृत्रिम रंगाची आठवणही होत नाही. द्राक्षाचा रस फार काळ ठेवू नये; काढावा आणि प्यावा.

आपल्या घरच्या मर्यादा

या विषयात प्रत्येक कुटुंबाचा नियम कमी-अधिक असतो. तरीही काही गोष्टी यजमानाने आधीच ठरवून घ्याव्यात. पाणी गाळून, उकळून, गार केलेले असावे. ते मातीच्या माठात भरून ठेवले, की बर्फाची उणीव फारशी भासत नाही. बर्फ ज्यांना वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी रस आणि पाक थंड करून ठेवावेत. वितळणारा बर्फ पेयात पाणी वाढवतो; बर्फ नसेल तेव्हा दोन मोठे चमचे पाणी अधिक घालावे, म्हणजे चव तीव्र होत नाही. मध आपण घेत नाही. त्याच्या जागी गुळाचा पातळ पाक चालतो. बीट आणि गाजर यांच्या रंगाऐवजी डाळिंब आणि कोकम आहेतच. पालेवर्गीय वस्तूंचा त्याग असलेल्या काळात पुदिन्याच्या जागी बडीशेप किंवा वेलची वापरावी.

एक गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. फराळाला ढोकळा, शेव किंवा डाळीचे वडे असतील, तर सोबत ताक किंवा पीयूष ठेवू नये. द्विदलाचा दोष घडतो. अशा वेळी फळांची पेयेच योग्य. आणि वेळ अशी ठेवावी, की चोविहार करणाऱ्या ज्येष्ठांनाही सर्वांबरोबर पेला हाती घेता येईल. आम्ही पाहुण्यांना साडेचारला बोलावले. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होता.

बाटलीवरची बारीक अक्षरे

कर्जाच्या कागदपत्रांत बारीक अक्षरे वाचण्याची मला सवय होती. पेयांच्या बाबतीत मात्र मी ती कधी लावली नव्हती. बाटलीवरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. परंतु हिरव्या ठिपक्याच्या वस्तूत मध असू शकतो, आल्याचा अर्कही असू शकतो. कायद्याच्या दृष्टीने ते दोन्ही शाकाहारीच आहेत. परदेशी सरबतांवर रंगाचा क्रमांक १२० दिसला, तर तो कोचिनील नावाच्या कीटकांपासून मिळणारा लाल रंग आहे, हे ओळखावे. हॉटेलात 'मॉकटेल' म्हणून येणाऱ्या काही पेयांत 'बिटर्स' या कडू अर्काचे थेंब चवीसाठी घालतात. प्रचलित बिटर्समध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते. थेंबच असतात हे खरे, पण आपला नियम थेंबांचा हिशेब करीत नाही. म्हणून मागवतानाच स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

एका ज्येष्ठांची शंका

आमची तयारी पाहून आमच्याच नात्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "उंच पेले, कडेला मीठ, वर लिंबाची चकती. हे मद्याचेच सोंग झाले. आज रूप आले, उद्या वस्तू येईल." त्यांची शंका मी हसण्यावारी नेली नाही. रूपाची ओढ वस्तूकडे नेते, असे होऊ शकते. म्हणून आम्ही एक नियम केला: पेयाला मद्याचे नाव द्यायचे नाही. पन्ह्याला पन्हे म्हणायचे, कोकमाला कोकम. काचेचा स्वच्छ पेला, मोजून केलेले मिश्रण आणि आदराने पुढे केलेला हात यांवर मद्याची मालकी नाही. उलट आपण आपले पेय हलगर्जीपणाने, प्लास्टिकच्या पेल्यात, उरलेसुरले म्हणून देत राहिलो, तर मुलांच्या मनात ते दुय्यमच ठरणार. मला भीती वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची अधिक.

त्या गृहस्थांचे पूर्ण समाधान झाले, असे म्हणवत नाही. पण त्यांनी सुंठ-लिंबाचे दोन पेले घेतले.

ती संध्याकाळ

पाहुणे आले. कुणीही मद्याचा विषय काढला नाही. आम्हीही आपल्या नियमांवर व्याख्यान दिले नाही. पुतण्या स्वतः पेले भरत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "आंबट थोडे पुढे ठेवू, की गोड?" विभागीय व्यवस्थापकांना मधुमेह होता, हे आम्हाला तेव्हाच कळले. त्यांच्यासाठी पाक न घालता लिंबू, जिरे आणि सैंधवाचा पेला वेगळा झाला. "माझ्या पथ्याची चौकशी सहसा कुणी करीत नाही," असे ते म्हणाले. त्यांच्या पत्नीने सुंठीच्या पाकाची कृती लिहून घेतली. व्यवहाराची बोलणी जेवढी व्हायची तेवढी झाली; सवलतीत एका पैशाचाही फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु निघताना त्यांनी बंधूंचा हात हातात घेतला, तो जरा अधिक वेळ धरून ठेवला.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा मेळावा झाला. पुतण्या परत आला तो हसत. हॉटेलातल्या मुलाला त्याने बाजूला घेऊन सांगितले होते: लिंबू वीस, साखरेचा पाक तीस, सोडा दीडशे, मीठ आधी, सोडा शेवटी, बाकी काही नाही. मुलाने मन लावून केले. शेजारी उभ्या असलेल्या दोन तरुण विक्रेत्यांनी विचारले, हे काय आहे? आणि त्यांनीही तेच मागवले.

"काका," तो म्हणाला, "या वेळी हातात पेला होता. आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक होते."

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी त्या दिवशीची तारीख घातली आणि खाली लिहिले: हिशेब जुळला.